अंगावरून वारं गेलं, डिस्चार्ज मिळाला, पुढं काय?

मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ते अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस उपचारांची योजना लागू केली. मर्यादा दीड लाख रुपये, मुदत अपघातापासून ७ दिवस. आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कवच आहे आणि त्यात डिस्चार्जनंतरचे १५ दिवस धरलेत. दोन्ही योजना चांगल्या आहेत, त्यांच्यामुळे माणसं वाचतात. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे कमेंटमध्ये भांडण नको. पण हे दोन आकडे जरा शेजारी शेजारी ठेवून बघा. ७ आणि १५. आता ज्याच्या डोक्याला जबर मार लागलाय किंवा ज्याच्या अंगावरून वारं गेलंय, त्याला स्वतःच्या हाताने शर्टाचं बटण लावता यायला किती दिवस लागतात? दिवस नाहीच, महिने मोजावे लागतात. आणि ते महिने कुणाच्याच हिशेबात नाहीत.

आपल्याकडं काय होतं ते सगळ्यांना माहितेय. पुणे रोड, हैदराबाद रोड, विजयपूर रोड, तुळजापूर रोड, कुठंतरी दुचाकी आपटते. हेल्मेट नसतंच. किंवा सकाळी उठताना माणूस एका बाजूला कलंडतो, तोंड वाकडं होतं. सिव्हिलला नेतात, ऐपत असेल तर खासगीत नेतात. आयसीयू, सीटी स्कॅन, कधी ऑपरेशन. डॉक्टर लोक खरोखर झटतात. दहा-बारा दिवसांनी सांगतात, "पेशंट स्टेबल आहे, घरी न्या, व्यायाम करून घ्या." डिस्चार्ज कार्डावर बीपीची गोळी, रक्त पातळ करायची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, आणि सगळ्यात खाली एक शब्द: फिजिओ.

तिथून पुढं तो माणूस घरच्यांचा. बघायला येणारा प्रत्येकजण एक उपाय सोडून जातो. कुणी तेलाचं मालिश सांगतं, कुणी लकव्याचं औषध देणाऱ्या गावाचा पत्ता देतं, कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतं. (हसू नका, शिकलेली माणसंही सांगतात.) आणि कुणीतरी मेडिकलमधून तो पिवळा स्माइली बॉल आणून देतं. माणूस दिवसभर तो बॉल दाबत बसतो. आता लकव्याच्या हातात बहुतेकदा मूठ मिटणं आधी येतं आणि उघडणं राहून जातं. बोटं आत वळून घट्ट होत जातात. ग्लास धरता येतो, पण सोडता येत नाही. म्हणजे शिकायचं असतं मूठ उघडायला आणि आपण महिनाभर प्रॅक्टिस करून घेतो मिटायची. हे सांगणारं माणूस त्या घरापर्यंत पोचतच नाही.

त्या माणसाचं नाव ऑक्युपेशनल थेरपिस्ट. सरकारी मराठीत 'व्यवसायोपचार तज्ज्ञ'. शब्द असा की ऐकणाऱ्याला वाटावं, दुकान टाकायला कर्ज मिळवून देत असतील. आजकाल हा शब्द कुणाला माहीत असलाच तर ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांना. पण थोरल्या माणसांसाठी, मेंदूच्या आजारातून उठलेल्यांसाठी त्याची तितकीच गरज आहे. फिजिओथेरपिस्ट तुमच्या सांध्यात, स्नायूत ताकद आणतो, उभं करतो, चालवतो. त्याचं महत्त्व कमी नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्ट विचारतो, आता या हाताने तुम्हाला करायचं काय आहे? आंघोळ, कपडे, जेवण, आणि रोजगार. मग ते काम तो सुटं करून बघतो. कुठली पायरी जमत नाही, ती शिकवता येईल का, नाहीतर ती टाळून तेच काम दुसऱ्या पद्धतीने होईल का.

सोलापूरचंच उदाहरण घेऊ. पूर्व भागातली विडी वळणारी बाई. मांडीवर सूप, त्यात तेंदूची पानं आणि तंबाखू. पान ओलं करायचं, साच्याच्या मापाने कात्रीने कापायचं, चिमटीने तंबाखू भरायची, दोन्ही हातांनी वळायचं, टोक दुमडायचं, दोऱ्याने बांधायचं. दिवसाला हजार. आता हिच्या उजव्या हातावरून वारं गेलं. तीन महिन्यांनी ती चालायला लागली. सगळे म्हणतात, "बरी झाली की." कागदावर ती खरंच सुधारलेली असते. पण तिची मजुरी पायात नव्हती, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या त्या चिमटीत होती. ती चिमूट आली नाही तर त्या घराचा एक पगार कायमचा गेला. आणि तिला बघायला सून घरी बसली, तर दोन.

यंत्रमागावरच्या कामगाराचं तसंच. तुटलेला धागा दिसला पाहिजे, माग थांबवून गाठ मारता आली पाहिजे. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेल्या काही माणसांचं डाव्या बाजूकडं लक्षच जात नाही. डोळे चांगले असतात, नजर चांगली असते, पण डावी बाजू त्यांच्यासाठी जणू नसतेच. ताटातली डाव्या अंगाची भाजी तशीच राहते, दाराची डावी चौकट खांद्याला लागते. घरचे म्हणतात, लक्ष देत नाहीत, हट्टी झालेत. अशा माणसाला कुणी न तपासता पुन्हा मागावर उभं केलं तर काय होईल? किंवा रिक्षा चालवायला दिली तर?

डोक्याला मार लागलेल्यांचं तर आणखी अवघड. हातपाय धडधाकट असतात, जखम भरून त्यावर केस आलेले असतात. फक्त माणूस बदललेला असतो. काल सांगितलेलं आज आठवत नाही, चहाला आधण ठेवून उठून जातो, लहानसहान गोष्टीवर ताट भिरकावतो, नाहीतर सांगितल्याशिवाय जागचा हलतच नाही. आपण काय म्हणतो? "डोक्यावर परिणाम झालाय." मग देवऋषी, मग मुलीकडच्यांची बोलणी, मग बायको माहेरी. चहा करायला लावणं ही अशा माणसासाठी साधी चाचणी असते. किती पायऱ्या आठवल्या, कुठं अडला, गॅस बंद केला का, यावरून त्याला एकटं घरी ठेवता येईल की नाही हे जाणकार थेरपिस्टला बरंच कळतं. नंतर त्याच चहाचा सराव, ओट्यावर चिकटवलेली यादी, मोबाईलचा अलार्म, एका वेळी एकच काम. यात महागडं मशीन कुठलंच नाही. लागतो तो वेळ आणि शिकलेलं माणूस.

सगळ्यात चीड कशाची येते सांगू? ही विद्या आपल्याकडं बाहेरून उशिरा आलेली नाही. १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं पहिलं विद्यालय निघालं, भारतातलंच नव्हे तर आशियातलं पहिलं. काढलं कमलाबाई निंबकरांनी. मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. विष्णुपंत निंबकरांशी लग्न करून इथल्याच झाल्या. पुढं १९५२ मध्ये त्यांनी या शाखेची अखिल भारतीय संघटना उभी केली. त्याच वर्षी जगातल्या थेरपिस्टांचा महासंघ स्थापन झाला, त्याच्या संस्थापक १० देशांत भारत होता. १९५८ मध्ये नागपूरलाही विद्यालय सुरू झालं. निंबकरांचं घर फलटणचं. त्यांच्या नावाची शाळा, कमला निंबकर बालभवन, तिथं आजही आहे. फलटण म्हणजे काय परमुलूख नाही. माउलींची पालखी तिथं मुक्काम करून, बरडवरून धर्मपुरीला आपल्या जिल्ह्यात येते. म्हणजे जिच्या घरच्या वाटेवरून दरवर्षी आपल्याकडं लाखो माणसं चालत येतात, तिने उभी केलेली विद्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत आपल्या वॉर्डात पुरती उतरली नाही. मुंबईत केईएम, नायर, सायन, हाजीअलीची १९५५ ची केंद्र सरकारची संस्था, तिकडं नागपूर. मधल्या महाराष्ट्राने काय करायचं?

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे. थेरपिस्ट कुठून आणायचे, घरच्यांनाच शिकवून टाका. बोलायला सोपं आहे आणि स्वस्तही. मलाही हे पटण्यासारखं वाटलं असतं, पण हा प्रयोग आपल्याच देशात नीट करून पाहिलेला आहे. भारतातल्या १४ रुग्णालयांत पक्षाघाताचे १२५० रुग्ण घेतले. एका गटाच्या घरच्यांना पद्धतशीर प्रशिक्षण दिलं, व्यायाम कसे घ्यायचे, उठवायचं कसं, कामं कशी करून घ्यायची. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार. ६ महिन्यांनी मोजलं. मरण पावलेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून राहिलेले किती? दोन्हीकडं ४७ टक्के. काडीचा फरक नाही. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध झालं.

याचा अर्थ घरच्यांना काही सांगू नका असा नाही. माझ्या मते अर्थ असा आहे की घरचे आधीच जीव तोडून करत असतात. प्रेम कमी पडत नाही, कौशल्य कमी पडतं, आणि ते दोन-चार शिकवण्यांत येत नाही. आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनला आपण म्हणतो का, "सर्जन नाही मिळाला, मेहुण्याला शिकवा"? मग मेंदूच्या दुरुस्तीलाच का? आणि दुरुस्तीच असते ती. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही, पण त्याचं काम शेजारचे भाग थोडंफार उचलतात. त्यासाठी तेच काम शेकडो वेळा, योग्य रीतीने, हळूहळू अवघड करत न्यावं लागतं. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग सगळ्यात जास्त असतो. आपल्याकडं ते तीन महिने मालिशात आणि पत्ते शोधण्यात जातात. नंतरही सुधारणा होते, सहा महिन्यांनी दार बंद होतं असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, पण सुरुवातीचे दिवस वाया गेले की नंतर फार कष्ट पडतात.

माझ्या ओळखीत एक टॉवेल कारखान्यातले कामगार आहेत. त्यांना खाटेवरून उठवताना घरातले सगळे लुळ्या हाताला धरून ओढायचे. दुसरं काय धरणार? दोन महिन्यांत खांदा इतका दुखायला लागला की हाताला कुणी हात लावू दिला नाही, आणि व्यायाम तिथंच थांबला. लकव्याच्या बाजूचा खांदा सैल असतो, त्याला धरून ओढायचं नसतं, एवढं एक वाक्य डिस्चार्जच्या दिवशी कुणी बोललं नव्हतं. तसंच आडवं झोपवून पाणी पाजू नका, ठसका लागत असेल तर आधी गिळण्याची तपासणी करून घ्या, ही वाक्यं. छातीत पाणी-अन्न जाऊन न्यूमोनिया होतो आणि माणूस त्यात जातो. मग आपण म्हणतो, "दुसरा झटका आला."

आणखी एक आपलं खास सोलापुरी दुखणं. डाव्या मेंदूला इजा झाली की पुष्कळांची भाषा जाते. बोलण्याची थेरपी लागते. पण कुठल्या भाषेत? साखर पेठेतल्या आजीला तेलुगू लागेल, अक्कलकोटच्या शेतकऱ्याला कन्नड, कुणाला दखनी, कुणाला मराठी. सिव्हिलला सोलापूरचे येतात, धाराशिवचे येतात, कर्नाटकातून विजयपूर-कलबुर्गीकडचे येतात. मुंबईहून आणलेला मराठीतला छापील तक्ता प्रत्येकाच्या कामाचा नाही. इथलीच पोरं-पोरी या शाखेत शिकून इथं परत यायला पाहिजेत असं मी म्हणतो ते याचसाठी. जिल्ह्यातल्या बारावी सायन्सच्या पोरांना नीट, एमबीबीएस, नाहीतर बीएएमएस, एवढंच माहीत. या कोर्सची चौकशी करणारा पालक मला तरी अजून भेटला नाही.

कायद्याचं बोलायचं तर कायदा आपल्या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २७ सरकारवर आणि स्थानिक संस्थांवरसुद्धा पुनर्वसनाची जबाबदारी टाकतं. 'आर्थिक क्षमतेनुसार' अशी पळवाट त्यात आहे, ती असतेच. त्याच कायद्याच्या कलम २० प्रमाणे सरकारी आस्थापनेतला माणूस नोकरीत असताना दिव्यांग झाला तर त्याला काढता येत नाही, दुसरं काम द्यावं लागतं. एसटीच्या ड्रायव्हरला त्याचा आधार आहे. यंत्रमाग कामगाराला नाही, विडी कामगाराला नाही, हॉटेलात भाकरी थापणाऱ्या बाईला नाही. त्यांची 'आस्थापना' म्हणजे त्यांचे दोन हात.

आणि टक्केवारीचं बघा. सर्टिफिकेटवर ४० टक्के गाठले की सवलतींचं दार उघडतं, ३८ ला बंद. पण टक्का हा अवयवाचा असतो, पोटाचा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजय कुमार या अपघात भरपाईच्या खटल्यात हेच सांगितलं. अवयवाचं अपंगत्व किती टक्के आणि कमाईचं नुकसान किती टक्के, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई जवळपास सगळी जाते, कारकुनाची तेवढी जात नाही. वकील मंडळी हा निकाल कोर्टात रोज वापरतात. न्यायाधीशाला जे समजतं ते आरोग्य खात्याच्या पॅकेज लिस्टला समजायला काय हरकत आहे? माणूस काय काम करत होता हे विचारूनच त्याचे उपचार ठरले पाहिजेत.

आता मागण्या. मोठ्या इमारतीची मागणी करत नाही, तिचं भूमिपूजन होतं आणि मग कुलूप दिसतं.

सिव्हिलमध्ये आणि महापालिकेच्या दवाखान्यांत व्यवसायोपचार, भौतिकोपचार आणि वाचा उपचार यांची मंजूर पदं किती, भरलेली किती, हे प्रशासनाने फलकावर लावावं. आमदार-खासदारांनी सभागृहात हाच प्रश्न विचारावा, रस्त्याच्या प्रश्नाबरोबर विचारला तरी चालेल. मेंदूच्या रुग्णांसाठी आठ-दहा खाटांचा पुनर्वसन वॉर्ड, आयसीयूतून निघालेला माणूस तिथं दोन-तीन आठवडे राहील आणि त्याच्याबरोबर घरचं एक माणूस शिकेल. महात्मा फुले योजनेत डिस्चार्जनंतरच्या थेरपीचं पॅकेज, निदान पहिल्या तीन महिन्यांचं. ऑपरेशनच्या खर्चापुढं ती रक्कम किरकोळ आहे.

महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायतींनी उत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा नियम आहे. दरवर्षी मार्चच्या तोंडावर तो कसा खर्ची पडतो हे पत्रकार मित्रांना विचारा. त्यातून थेरपिस्टचं मानधन निघू शकतं. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगारांची दहा हजार घरं आहेत, शेजारी रे नगर वसलंय, जवळच मेडिकल कॉलेज आहे. एवढी कामगार घरं एका ठिकाणी असताना आठवड्यातून एक दिवस थेरपिस्ट तिथं बसवता येत नसेल तर अडचण पैशाची नाही असंच म्हणावं लागेल. त्या थेरपिस्टने सूप मांडीऐवजी टेबलावर घेऊन बघावं, कात्रीला स्प्रिंग लावून बघावी, एका हाताने पान धरायचा साचा इथल्याच पत्रेवाल्याकडून करून घ्यावा. मुंबईच्या पुस्तकात हे नसणार, ते इथंच शोधावं लागेल.

बायकांसाठी एक वेगळं बोलतो, कारण त्यांच्याबाबतीत कुणी विचारतच नाही. बाप्या माणसाला लकवा झाला की घर गोळा होतं. बाईला झाला की पहिला प्रश्न असतो, आता स्वयंपाक कोण करणार? तिला एका हाताने कणीक मळता येते, परातीखाली ओलं फडकं घातलं की परात फिरत नाही. भाकरी थापायला दोन हात लागतात, तिथं पोळपाट बदलता येतो. साडी शिवून तयार निऱ्यांची करता येते, ब्लाउजला हुकाऐवजी वेल्क्रो. उकिडवं बसता येत नसेल तर संडासावर ठेवायची खुर्ची. या गोष्टींमुळं तिला दुसऱ्याला हाक मारायला लागत नाही. हाक मारायला लागू नये यासारखं सुख त्या अवस्थेत दुसरं नाही. आणि उजवा हात गेलेल्या माणसाने डाव्या हाताने जेवायला सुरुवात केली तर पंगतीत कृपा करून तोंड वाकडं करू नका. लाजेने पंगतीला यायचं सोडलेली माणसं मी बघितलीत.

पोस्ट लांबली. ज्यांच्या घरी अलीकडं असा रुग्ण डिस्चार्ज होऊन आलाय त्यांनी कमेंटमध्ये एवढंच लिहा: डिस्चार्ज कार्डावर पुनर्वसनाबद्दल नेमके कोणते शब्द होते, आणि पहिला थेरपिस्ट किती दिवसांनी भेटला. रुग्णाचं नाव, दवाखान्याचं नाव, डॉक्टरचं नाव टाकू नका, कुणावर राग काढायचा नाही. पन्नास-शंभर घरांची उत्तरं जमली की ती एका कागदावर उतरवून जिल्हाधिकारी, महापालिका आयुक्त आणि सिव्हिलचे अधिष्ठाता यांना देऊ. निवेदन द्यायला कोण कोण येणार तेही सांगा. सोमवारी जमत असेल तर सोमवारीच, पुढच्या आठवड्यावर नको.